गंजलेल्या स्क्रूची मजुरी कोण देणार?

उसाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. त्याआधी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या भागांत जुन्या ट्रॉल्या दुरुस्तीसाठी गॅरेजपुढे येऊन उभ्या राहतात. टायर, हूक, पाटे, रंग ही कामे मालक स्वतः उभे राहून करून घेतात. मागच्या दिव्यांचे काम मात्र सर्वांत शेवटी निघते आणि तेथेच अडते. दिव्याची लाल काच धरून ठेवणारे स्क्रू गंजून बसलेले असतात. चार स्क्रू निघत नाहीत म्हणून दिवा उघडत नाही, आणि दिवा उघडत नाही म्हणून ट्रॉली अंधारातच रस्त्यावर जाते. हा प्रश्न जितका कारागिरीचा आहे तितकाच व्यवहाराचाही आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम कायदा पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०५ प्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ताशी ६० किलोमीटरने येणारा मोटारसायकलस्वार एका सेकंदात सुमारे १७ मीटर कापतो. लाल दिवा १५५ मीटरवर दिसला तर त्याला सावरायला नऊ सेकंद मिळतात. दिवा नसेल आणि ट्रॉली डिपरच्या उजेडात चाळीस मीटरवर दिसली, तर सव्वादोन सेकंद. त्यातला एखादा सेकंद तर डोळ्यांना उमगण्यातच जातो. एका स्क्रूवर काय अवलंबून आहे ते यावरून समजावे.

आता कामाकडे वळू. गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांतला गंज पाचरीसारखा ठासून बसतो. दिव्याची बॉडी ओतीव ॲल्युमिनियमची आणि स्क्रू लोखंडी असेल तर पावसाच्या पाण्यात दोन धातूंची आपसात झीज सुरू होते आणि स्क्रू आणखीच जखडतो. अशा स्क्रूवर नुसता जोर लावला की त्याची खाच जाते. खाच गेली की काम चौपट वाढते.

म्हणून जाणता कारागीर आधी तारेच्या ब्रशने स्क्रूचे डोके साफ करतो, खाचेतली माती टोच्याने काढतो, तेल सोडतो आणि रात्रभर थांबतो. डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ साली अमेरिकेत तयार झाला तो पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. तो उपयोगी आहे, पण जुन्या गंजावर मारल्या मारल्या चमत्कार होईल अशी अपेक्षा ठेवू नये. ॲसिटोन मिसळलेले तेल लोखंडी बोल्टवर चांगले चालते. परंतु दिव्याची काच प्लास्टिकची असते आणि ॲसिटोन तिला खाऊन टाकते. गॅसच्या ज्योतीचेही तेच. उष्णता द्यायचीच असेल तर सोल्डरिंगचे तापलेले टोक फक्त स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवावे, आणि तेही तेल पुसून घेतल्यावरच.

यानंतर खाचेत बरोबर बसणारा डिसमिस घ्यावा. स्क्रू प्रथम किंचित आवळावा, मग सैल करावा. आवळताना गंजाची पकड तुटते. तरीही हलला नाही तर हातोडीने ठोकला की फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. मात्र काचेजवळ ठोका बेताचा असावा. शेवटचा उपाय म्हणजे ड्रिलने स्क्रूचे डोके उडवणे. डोके गेले की काच सुखरूप उचलता येते आणि वर उरलेली दांडी पकडीने फिरवून काढता येते. दांडी आत तुटली तर मधोमध भोक पाडून टॅपने नवे आटे पाडावे लागतात.

या सर्व कामाला वेळ लागतो, आणि खरी अडचण येथेच आहे. बहुतेक गॅरेजांत दिव्यांचे काम ठोक मजुरीवर ठरते. स्क्रू सहज निघाले तर कारागिराला चार पैसे सुटतात. गंजलेले निघाले तर अर्धा दिवस फुकट जातो. मग हातात छिन्नी येते. काच फुटते, बॉडीचा कान तुटतो आणि दिवा तारेने बांधून दिला जातो. दोष कारागिराचा दिसतो, पण त्याला त्या वाटेवर लोटणारा आपला व्यवहार आहे. ‘एका स्क्रूचे एवढे पैसे?’ असे विचारणारा गिऱ्हाईक स्क्रूची किंमत पाहतो, हुनराची पाहत नाही.

कोणी म्हणेल, नवा दिवा स्वस्त मिळतो, जुन्याच्या मागे कशाला लागायचे? काच तडकली असेल, बॉडी सडली असेल तर नवाच घ्यावा, हे खरे. पण नवा दिवाही त्याच पट्टीवर, त्याच भोकांत बसवायचा असतो. तेथले गंजलेले बोल्ट नीट काढावेच लागतात. शिवाय पुष्कळ ट्रॉल्यांत दिव्याचे अर्थिंग बोल्टवाटेच सांगाड्याला मिळते. तेथे गंज राहिला तर नवा दिवाही मिणमिणतो, आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन येतो. तो सांधा चकचकीत घासून, शक्य तर अर्थिंगची वेगळी तार ओढून द्यावी.

आमची सूचना साधी आहे. गॅरेज चालविणाऱ्या बंधूंनी दिव्याची मजुरी आणि गंजलेल्या स्क्रूची मजुरी वेगळी सांगावी, दर नगावर ठरवावा आणि काम हाती घेण्यापूर्वीच सांगावा. एखादा स्क्रू तुटू शकतो, हेही आधी बोलून ठेवावे. निघालेले जुने स्क्रू गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवावेत. हिशेब आपोआप पटतो. नवा स्क्रू शक्यतो पितळी किंवा स्टेनलेसचा घालावा आणि आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय बसवू नये. हाताखालच्या पोरांना हे काम निवांत महिन्यांत, भंगारातल्या दिव्यांवर शिकवावे.

ट्रॉली मालकांसाठी सूचना याहून स्वस्त आहे. दिव्यांचे काम हंगामाच्या तोंडावर नव्हे, हंगाम संपताच काढावे. ट्रॉली पावसाळाभर उघड्यावर उभी राहते आणि गंज धरतो तो त्याच चार महिन्यांत. मे महिन्यात स्क्रू सैल करून, ग्रीस लावून पुन्हा बसवले तर ऑक्टोबरात छिन्नीची गरज पडणार नाही. आणि ऊस भरताना मागे लोंबणाऱ्या वाढ्यांनी दिवा झाकला जाणार नाही, याकडेही पाहावे. नाहीतर सारी मजुरी पाण्यात.

दोन्ही बाजूंनी एवढा चोख व्यवहार ठेवला तर कारागिराची मेहनत वाया जात नाही आणि मालकाचा दिवा वर्षानुवर्षे टिकतो. शिवाय रात्री त्या ट्रॉलीमागून घरी परतणारा माणूस सुखरूप पोहोचतो. तो या सौद्यात कोठेच नसतो, पण सर्वांत मोठी जोखीम त्याचीच असते.