कोरडे बंदर आणि भाषेचा अभ्यासक

विद्यार्थ्यांनी मालवाहतुकीचे मोठे बंदर पाहण्यास जावे, ही गोष्ट वाणिज्य आणि व्यवस्थापन या शाखांच्या कक्षेतली समजली जाते. भारतीय भाषांच्या विभागात तिचा उच्चार झालाच, तर ती हसण्यावारी नेली जाण्याचा संभव अधिक. बंगळूरच्या बाबतीत आक्षेपाला आणखी एक आधार मिळतो : या शहराला समुद्रच नाही. परंतु देशातील पहिला अंतर्देशीय कंटेनर डेपो १९८१ साली याच शहरात सुरू झाला. आज व्हाइटफील्ड येथे मोहोरबंद झालेली पेटी आगगाडीने थेट चेन्नईच्या धक्क्यावर जाते. अशा स्थळाला व्यापारी मंडळी 'कोरडे बंदर' म्हणतात. तुलनात्मक साहित्याच्या विद्यार्थ्याने ते पाहावे, आणि तेथून पुढे चेन्नई किंवा न्हावा-शेवा गाठावे, असे आग्रहाने म्हणण्याची वेळ आली आहे.

आपल्या भाषांचे इतिहास बहुतांशी दरबार, मठ आणि छापखाना येथे बसून लिहिले गेले. बंदर त्यांतून सुटले. वस्तुतः भाषांची खरी सरमिसळ झाली ती तेथेच. 'बंदर' फारसी, 'नाखवा' हा फारसी नाखुदाचा, म्हणजे नावेच्या स्वामीचा, मराठी अवतार, 'पगार' पोर्तुगीज, 'तांडेल' द्राविडी भाषांशी नाते सांगणारा, आणि 'गोदाम' या शब्दाचा माग मलायीपर्यंत, व तेथून पुन्हा तमिळ-तेलुगूपर्यंत काढला जातो. कानडीत 'बंदरु' रुळला, तमिळने मात्र आपला 'तुरैमुगम' सोडला नाही. असे का झाले, हा प्रश्न कोणत्याही पदव्युत्तर प्रबंधाला पुरेल. खलाशांच्या मिश्र बोलीचा कोश टॉमस रोबक याने १८११ सालीच कलकत्त्यास प्रसिद्ध केला होता. त्या कोशाचे साहित्यिक चीज झाले ते अमिताव घोष यांच्या २००८ सालच्या इंग्रजी कादंबरीत, 'सी ऑफ पॉपीज'मध्ये. किनाऱ्यावरच्या भाषांना हे सुचू नये, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

यावर असे म्हटले जाईल की, आजच्या बंदरात ऐकण्यासारखे उरले काय? आक्षेप खोटा नाही. १९५६ साली माल्कम मॅक्लीन यांचे 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेले, आणि पुढील काही दशकांत गोदीतला माणूस मालापासून तुटला. गोण वाहणाऱ्याला आत मिरी आहे की सरकी, हे वासावरून कळे. पेटी उचलणाऱ्या यारीच्या चालकापुढे केवळ क्रमांक असतो. टोळी, मुकादम, त्यांच्या हाका आणि शिव्या यांना त्या यंत्रणेत जागाच राहिली नाही. पण शब्दांचे हे मरण अभ्यासाचा विषय नाही, असे कोणी ठरविले? मराठी कामगार-कवितेने गिरणी जेवढी आत्मसात केली, तेवढी गोदी केली नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.

न्हावा-शेव्याचा तर प्रश्नच निराळा. हे बंदर १९८९ साली कार्यान्वित झाले. पण त्याच्या आसपासची खाडीकाठची भूमी मुकाट्याने हाती आलेली नाही. नव्या मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनात, जानेवारी १९८४ मध्ये, जासई-नवघर परिसरात गोळीबार होऊन ५ शेतकरी मरण पावले. भातखाचरे आणि मिठागरे यांवर जगणारा आगरी समाज व खाडीवर जगणारे कोळी यांची मौखिक परंपरा याच मातीतली. लग्नविधीत धवलारीण जे धवले गाते, त्यांत मातीचे, मिठाचे आणि पाण्याचे शब्द येतात. त्या वस्तूच नाहीशा झाल्यावर पुढची पिढी ते शब्द कोणत्या अर्थाने गाईल? विद्यार्थी यारीखाली उभा राहून पेट्या मोजून परतला, तर त्याने बंदर निम्मेच पाहिले. दुपारनंतर त्याने उरण तालुक्यातील एखाद्या गावात जाऊन एका वृद्ध धवलारणीसमोर बसले पाहिजे, तेही ध्वनिमुद्रण यंत्र लगेच पुढे न करता.

विद्यापीठांच्या दृष्टीने यात खर्च फारसा नाही, खटपट आहे. बंदर हे सुरक्षित क्षेत्र असल्याने प्रवेशाची परवानगी आधी मागावी लागते. विभागांनी हा पत्रव्यवहार सत्राच्या आरंभीच करावा, आणि भेटीस जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून कानडी, तमिळ, मराठी व कोकणी या चार भाषांतील नौकाविषयक शब्दांची यादी करून घ्यावी. ती यादी धक्क्यावरच्या माणसांना वाचून दाखविली म्हणजे तीतले किती शब्द अजून चालतात, हे तेथल्या तेथे कळेल.