जगज्जेते किती? चार पट्ट्यांच्या बाजाराचा इतिहास

थ्रेड १/१३
मंडळी, आज एक साधा प्रश्न. 'हेवीवेट गटाचा जगज्जेता कोण?' या प्रश्नाचे उत्तर एका नावात देता येते का? गेल्या सहा दशकांत बहुतेक काळ देता आलेले नाही. विचारणाऱ्यालाच उलट विचारावे लागते : कोणाचा जगज्जेता? डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ की डब्ल्यूबीओ?

२/
व्यावसायिक मुष्टियुद्धात पुरुषांचे १७ प्रमुख वजनगट आणि जगज्जेतेपद देणाऱ्या ४ मोठ्या संस्था. म्हणजे एकाच वेळी ६८ 'जगज्जेते' संभवतात. ही अनागोंदी इतिहासाचा अपघात आहे, असे नेहमी सांगितले जाते. मला ते मान्य नाही. अपघात एकदा घडतो. जे साठ वर्षे टिकते, ते कोणाच्या तरी लाभाचे असते.

३/
पण 'पूर्वी सारे कसे छान होते' हा भाबडेपणाही नको. एकोणिसाव्या शतकात किताब देणारी संस्थाच नव्हती. जगज्जेत्याला हरवील तो जगज्जेता, एवढाच नियम. मात्र कोणाशी लढायचे हे जगज्जेता आणि त्याचे व्यवस्थापक ठरवीत. १९१५ साली जॅक जॉन्सन हरला. त्यानंतर १९३७ साली जो लुई जिंकेपर्यंत एकाही कृष्णवर्णीय योद्ध्याला हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत मिळाली नाही. हॅरी विल्स वर्षानुवर्षे जॅक डेम्प्सीची वाट पाहत राहिला. नियामक संस्थेची गरज होती, यात शंका नाही.

४/
संस्था आल्या, पण जन्मतःच दुभंगलेल्या. १९२० मध्ये न्यूयॉर्क राज्याचा आयोग, १९२१ मध्ये इतर राज्यांची 'नॅशनल बॉक्सिंग असोसिएशन'. दोघांचे जगज्जेते कधीकधी वेगळे असत. १९६२ मध्ये 'नॅशनल'ने नाव बदलून 'वर्ल्ड' केले; तीच आजची डब्ल्यूबीए. १९६३ मध्ये मेक्सिको सिटीत ११ देशांच्या प्रतिनिधींनी डब्ल्यूबीसी स्थापन केली.

५/
फुटीचे फळ लगेच दिसले. १९६४ मध्ये सनी लिस्टनला हरवून मुहम्मद अली जगज्जेता झाला. त्याने लिस्टनशीच पुन्हा लढण्याचा करार केला म्हणून डब्ल्यूबीएने त्याची मान्यता काढली आणि पुढे एर्नी टेरेलला जगज्जेता ठरवले. अली तर अपराजित होता! १९६७ मध्ये त्याने टेरेलला रिंगणात हरवले, तेव्हा कागदावरचा घोळ मिटला.

६/
१९७८ ची कथा त्याहून विलक्षण. लिऑन स्पिंक्सने अलीला हरवले आणि केन नॉर्टनऐवजी अलीशीच पुन्हा लढायचे ठरवले. डब्ल्यूबीसीने स्पिंक्सचा किताब काढून तो नॉर्टनला दिला, कशाच्या बळावर? आदल्या वर्षी जिमी यंगविरुद्ध जिंकलेल्या लढतीच्या. ती लढत झाली तेव्हा ती जगज्जेतेपदाची नव्हतीच. नॉर्टन त्याच वर्षी लॅरी होम्सकडून हरला. जगज्जेतेपदाची एकही लढत न जिंकता तो माजी जगज्जेता म्हणून नोंदला गेला. दोष त्याचा नव्हे. दोष जिंकणे आणि नेमणूक यांतला भेद पुसणाऱ्यांचा.

७/
तिसरी आणि चौथी संस्था कशी जन्मली? रॉबर्ट ली १९८२ मध्ये डब्ल्यूबीएच्या अध्यक्षपदाची निवडणूक हरले. १९८३ मध्ये आयबीएफ उभी राहिली. १९८८ मध्ये डब्ल्यूबीएच्याच अधिवेशनातून एक गट बाहेर पडला. डब्ल्यूबीओ उभी राहिली. योद्ध्यांच्या कल्याणाचा प्रश्न या दोन्ही फुटींच्या मुळाशी शोधूनही सापडत नाही.

८/
आता मूळ दुखण्याकडे येऊ. किताबाची लढत झाली, की संस्थेला मान्यताशुल्क मिळते : योद्ध्याच्या मानधनाच्या साधारण ३ टक्के. किताब वाढले, की शुल्क वाढते. म्हणूनच एकाच संस्थेत 'सुपर' जगज्जेता, 'नियमित' जगज्जेता आणि 'अंतरिम' जगज्जेता एकाच वेळी नांदू शकतात. टाकसाळ ज्याच्या हाती, त्यानेच नाणी किती पाडायची हे ठरवावे, असा हा न्याय.

९/
आणि आव्हानवीर ठरवणारी क्रमवारीही त्याच हातांत. २००१ मध्ये उघड झाले, की डब्ल्यूबीओच्या क्रमवारीत डॅरिन मॉरिस हा योद्धा स्वतःच्या मृत्यूनंतर वरच्या स्थानी चढला होता! आयबीएफच्या रॉबर्ट लींवर क्रमवारीसाठी पैसे घेतल्याचा खटला अमेरिकेत चालला. सर्वांत गंभीर आरोपांतून ते सुटले. पण २००० मध्ये काळा पैसा पांढरा करणे आणि करचुकवेगिरीबद्दल दोषी ठरून तुरुंगात गेले.

१०/
डब्ल्यूबीसीने १९९८ मध्ये ग्रॅसियानो रोकिजानीला किताब जिंकू दिला आणि नंतर रॉय जोन्सला जगज्जेता दाखवले. रोकिजानीला जगज्जेता म्हटले ती छपाईची चूक, असा खुलासा केला. न्यायालयाने सुमारे ३ कोटी १० लाख डॉलरची भरपाई ठोठावली. तेव्हा संस्थेवर दिवाळखोरीची वेळ आली. अखेर तडजोड झाली.

११/
प्रतिवाद असा : स्पर्धेमुळे सुधारणा होतात. १९८२ मध्ये कोरियाचा किम दुक-कू लढतीतील इजेने मरण पावला, तेव्हा डब्ल्यूबीसीने १५ फेऱ्यांऐवजी १२ फेऱ्या केल्या. खरे आहे, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण किम ज्या डब्ल्यूबीएच्या किताबासाठी लढला, तिने हा नियम १९८७ मध्ये स्वीकारला. आयबीएफने १९८८ मध्ये. पाच-सहा वर्षे योद्ध्याच्या जिवाची सुरक्षा तो कोणत्या पट्ट्यासाठी लढतो यावर अवलंबून होती. सत्ता विभागलेली असण्याची किंमत ही अशी असते.

१२/
१८ मे २०२४. रियाधमध्ये ऑलेक्झांडर उसिकने टायसन फ्युरीला हरवले. १९९९ मधील लेनॉक्स लुईसनंतरचा पहिला निर्विवाद हेवीवेट जगज्जेता, चारही पट्ट्यांसह. दीड महिन्याच्या आत आयबीएफचा पट्टा त्याच्याकडून गेला, कारण फ्युरीशी पुनर्लढत ठरलेली होती आणि संस्थेला तिचा आव्हानवीर आधी हवा होता. पट्टा डॅनियल डुबॉला मिळाला, उसिकला न हरवताच. पंचवीस वर्षांत जुळलेले कोडे चाळीस दिवसही जुळून राहू दिले गेले नाही.

१३/
उपाय? अमेरिकेच्या २००० सालच्या मुहम्मद अली कायद्याने संस्थांना क्रमवारीचे निकष जाहीर करायला लावले. राष्ट्रीय नियामक मात्र आजही नाही. शुल्क घेणारा आणि क्रमवारी लावणारा हात एकच असेल, तोवर पाचवी संस्था येवो वा चारांच्या दोन होवोत, फरक पडणार नाही.

आपण इतिहासाचे विद्यार्थी. सिंहासनावर कोण बसला एवढे पाहून आपण थांबत नाही. अभिषेक कोणी केला आणि दक्षिणा कोणी घेतली, हेही विचारतो. पुढच्या वेळी 'नवा जगज्जेता' अशी बातमी दिसली, की एकच प्रश्न विचारा : कोणाला हरवून?

मतभेद असतील तर खाली जरूर मांडा. वाद घालायला मी हजर आहे.