‘नायनार’ : जन्माने न मिळणारी पदवी

तमिळनाडूतील कोणत्याही मोठ्या शिवमंदिराच्या प्राकारात गेले की, हात जोडून ओळीने उभ्या असलेल्या ६३ मूर्ती दिसतात. हे देव नव्हेत, भक्त आहेत. तमिळ समाज त्यांना ‘नायनार’ म्हणतो. नायनार म्हणजे स्वामी, अग्रणी. शब्दाच्या अखेरचा ‘आर’ हा आदरार्थी बहुवचनाचा प्रत्यय होय. मराठीत आपण ‘तुकोबा आले’ म्हणतो, त्याच भावनेने तमिळ माणूस ‘नंदन’चे ‘नंदनार’ करतो.

ही पदवी कोणत्याही राजाने दिली नाही. आठव्या शतकाच्या सुमारास सुंदरर यांनी एका स्तोत्रात शिवभक्तांची नामावली गुंफली. पुढे नंबियांडार नंबी यांनी ती विस्तारली, स्वतः सुंदरर आणि त्यांचे माता-पिता यांची तीत भर पडली आणि संख्या ६३ झाली. बाराव्या शतकात, दुसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या काळात, सेक्किळार यांनी ‘पेरियपुराणम्’ रचून या सर्वांची चरित्रे अमर केली.

या नामावलीत कोण आहेत? अप्पर आणि ज्ञानसंबंदर यांच्यासारखे कवी आहेत, चेरमान पेरुमाळसारखा राजा आहे. पण त्यांच्याच पंक्तीत कण्णप्प हा व्याध, तिरुनीलकंठ हा कुंभार, अतिपत्त हा कोळी आणि तिरुक्कुरिप्पुत्तोंडर हा परीटही आहे. कारैक्काल अम्मैयार, मंगैयर्क्करसी आणि इसैज्ञानियार या तीन स्त्रिया आहेत. आणि आहेत आदनूरचे नंदनार, मंदिरातील वाद्यांसाठी चामडे आणि तारा पुरविणारे, परंतु स्वतः मात्र मंदिराबाहेर उभे राहणारे.

चिदंबरमला ‘उद्या जाईन’ असे ते रोज म्हणत, म्हणून त्यांचे नाव ‘तिरुनाळैप्पोवार’, म्हणजे उद्या जाणारे, असे पडले. अखेर ते गेले. मात्र पुराणकथेनुसार, अग्नीतून शुद्ध होऊन निघाल्यावरच त्यांना नटराजाचे दर्शन घडले. ही कथा ऐकताना श्रद्धेने मान लवते, तसाच एक प्रश्नही मनाला टोचला पाहिजे. ज्याची भक्ती निष्कलंक होती, त्याला अग्निपरीक्षा कशासाठी?

एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारती यांनी नंदनारांचे चरित्र गीतबद्ध केले आणि हरिकथेच्या द्वारे ते घरोघरी पोहोचले. तंजावरच्या हरिकथेची जडणघडण तेथील भोसले राजवटीत रुजलेल्या मराठी कीर्तनाच्या संस्कारातून झाली, हे आपल्याला ठाऊक असायला हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला १९४८ सालचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आणि नंदनारांची मूर्ती प्राकारात. पण दोघांच्याही जातिबांधवांना शतकानुशतके प्रवेश मात्र नव्हता. मदुरेच्या मीनाक्षी मंदिराचे दार त्यांच्यासाठी ८ जुलै १९३९ रोजी वैद्यनाथ अय्यर यांच्या पुढाकाराने उघडले. पंढरपूरसाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले.

म्हणजेच समाजाने संताला पदवी दिली, पूजा दिली, परंतु त्याच्या भावंडांना उंबरठ्याबाहेर ठेवले. हा दोष परंपरेचा नव्हे, परंपरा विसरल्याचा आहे, असे म्हणून आपण सुटू शकत नाही; कारण विसरणारेही आपणच होतो. दरवर्षी पंगुनी महिन्यात चेन्नईच्या मयिलापूर येथे ६३ नायनारांची मिरवणूक निघते. राजा आणि परीट, कवी आणि कोळी एकाच वाटेने जातात. ती मिरवणूक ज्या रस्त्याने जाते, त्या रस्त्यावरच्या घरांची दारे, गावचे पाणवठे आणि स्मशाने तितकीच खुली आहेत काय, हा प्रश्न तमिळनाडूइतकाच महाराष्ट्रालाही लागू आहे. मूर्तीला हार घालणे सोपे असते. तिच्या वंशजांच्या पंक्तीला बसणे, हीच नायनारांची खरी पूजा होय.