दोन चाळीस अधिक दोन चाळीस

खो-खोत एका मुलीने २.४० मिनिटं संरक्षण केलं, दुसरीनेही २.४०. दोघींचं मिळून किती? मैदानावरचा कोणताही गुणलेखक डोळे मिटून सांगेल, पाच मिनिटं वीस सेकंद. माझ्या संगणकाने ४.८० सांगितलं आणि वर त्याचा निळा आलेखही काढून दाखवला.

मी मानवत तालुक्यात गणित शिकवतो आणि शालेय स्पर्धांच्या दिवसांत टेबलावर गुण लिहायला बसतो. डॅशबोर्डचं खूळ मात्र प्रो कबड्डीमुळे लागलं. वर्गातली लेकरं गुणतालिकेवरून रोज भांडत. गूगल शीट्समध्ये इम्पोर्ट-एचटीएमएल नावाचं सूत्र आहे. पानाचा पत्ता द्यायचा, त्यातला कितवा तक्ता हवा तो आकडा द्यायचा, की तक्ता आपोआप येऊन बसतो. मी विकिपीडियाचं पान दिलं. कौतुक आठवडाभर टिकलं. मग कुणीतरी त्या पानावर वरच्या बाजूला नवा तक्ता घातला आणि माझ्या गुणतालिकेच्या जागी भलतीच यादी उगवली. पुढे २०२५च्या बाराव्या हंगामात लीगने गुणांची पद्धतच बदलली. आधी विजयाला ५, बरोबरीला ३ आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरलं तर १ गुण असे. आता विजयाला २, हरणाऱ्याला शून्य, आणि बरोबरी तर निकालातच काढली. माझं जुनं सूत्र बिचारं पाच-पाच गुण वाटत राहिलं.

पण हे दुरुस्त करता आलं, कारण मूळ आकडे जागेवर होते. २०१४च्या पहिल्या हंगामाची अंतिम लढत जयपूरने यू मुंबाविरुद्ध ३५-२४ अशी जिंकली, हे आज कुणालाही दोन मिनिटांत सापडतं. आमच्याच भागातल्या चौदा वर्षांखालील मुलींच्या एका खो-खो सामन्याचा गेल्या वर्षीचा निकाल शोधायला मला तीन रविवार लागले.

काय सापडलं? व्हॉट्सॲपवर करंडकाचा फोटो, त्यात पाहुणे पुढे आणि मुली मागे. एक कात्रण, ज्यात सत्कारमूर्तींची नावं नऊ ओळी आणि निकाल अर्धी ओळ. एक स्कॅन केलेली पीडीएफ, तिच्यात गोल शिक्का नेमका गुणांवर बसलेला. दुसरी पीडीएफ जुन्या फॉन्टमधली. तिथला मजकूर उचलून शीटमध्ये टाकला की नुसती गिचमीड. इंग्रजीत सेलूची दोन स्पेलिंगं चालतात, मानवतचीही दोन. त्यामुळे माझ्या डॅशबोर्डवर परभणी जिल्ह्याचे तालुके नऊचे अकरा झाले. आणि ‘एक डाव व चार गुणांनी’ हा विजय कोणत्या रकान्यात भरायचा, ते मला अजून नीट जमलेलं नाही.

हा रिकामटेकड्या मास्तराचा छंद वाटेल. पण राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुण आहेत. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणंही राज्याने पाहिली आहेत. खोट्याला पकडायचं तर खऱ्याची नोंद आधी हवी. माझी एक जुनी विद्यार्थिनी आपण खरंच खेळलो होतो हे सिद्ध करायला कागद शोधत हिंडली. शेवटी माझ्या कपाटातल्या वहीत तिच्या सामन्याचे आकडे निघाले. वहीला कुणी पुरावा मानलं नाही, ते वेगळं.

सामना संपल्यावर गुणपत्रिकेवर पंच सही करतात. त्या क्षणी माहिती खरी असते आणि पूर्ण असते. तिचं मातेरं होतं ते पुढच्या चार दिवसांत. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: डॅशबोर्ड, ॲप, मोठा पडदा हे सगळं नंतर बघू. स्पर्धा भरवणाऱ्यांनी फक्की झटकून घरी जाण्याआधी एक साधा तक्ता युनिकोडमध्ये टाइप करून सगळ्यांना दिसेल असा ठेवावा. तारीख, मैदान, वयोगट, दोन्ही शाळा, गुण आणि गुणपत्रिकेचा क्रमांक. मुलांची नावं त्यात नकोत. ती अल्पवयीन आहेत. नावं मूळ कागदावर राहू द्या, क्रमांकावरून ती काढता येतात. पावसाने सामना काळ्या चिखलात अर्ध्यावर थांबला, तर तेही लिहा. रिकामा रकाना पाहून पुढचा माणूस त्याला शून्य समजतो.

हे काम दहा मिनिटांचं आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी मला गुणपत्रिकेचा सरळ, शिक्का बाजूला ठेवून काढलेला फोटो पाठवावा, मी टाइप करीन. फक्त मिनिटं आणि सेकंद वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.