थोरल्या मुलाची भाकरी

कोयनानगरहून शिवसागराच्या काठाकाठाने वर गेले, की डोंगरउतारावर नाचणी-वरीचे तुकडे लागतात. खोऱ्यातली सपाट, कसदार जमीन साठच्या दशकात धरणाखाली गेली. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला हा उतार आला. 105 टीएमसीच्या या धरणाने राज्याला वीज दिली. 1985 साली अभयारण्य झाले, 2010 साली व्याघ्रप्रकल्प. पिकात शिरणाऱ्या गव्यांची राखण मात्र शेतकऱ्याच्याच माथी राहिली. या उतारावर तो शेणखत आणि पाऊस यांच्याच भरवशावर पीक घेत आला आहे.

पर्यावरणपूरक शेतीला आपण मदत करतो, असे सरकार म्हणते. आम्ही विचारतो, कोणाला? 2015 ची परंपरागत कृषी विकास योजना पाहावी. वीस हेक्टरांचा गट, तीन वर्षांची मुदत, हेक्टरी 31,500 रुपये. पैकी 15,000 थेट शेतकऱ्याच्या हाती. नाव 'परंपरागत', परंतु सगळा हिशेब रासायनिक शेतीतून परत वळणाऱ्याचा! ज्याने परंपरा सोडलीच नाही, त्याने कोठून परत यावे? गटात त्यालाही घेता येते, हे खरे. पण विखुरलेल्या तुकड्यांतून वीस हेक्टर जुळवताना वाडीची दमछाक होते.

उधळ्या पुत्राचा दृष्टान्त आपल्या वाचकांना सांगावयास नको. परतलेल्यासाठी मेजवानी झाली, याचे आम्हांला दुःख नाही. परंतु घरी राबलेल्या थोरल्याला समजावण्यासाठी त्या कथेतला बाप निदान अंगणात आला होता. आमचा मायबाप तेवढेही करीत नाही.

उलट, युरियाची 45 किलोंची गोणी कर व निंबोळी लेप वगळून 242 रुपयांना मिळते. बाकीचा भार तिजोरीवर. 2024-25 च्या अर्थसंकल्पात खतांच्या अनुदानाला सुमारे 1 लाख 64 हजार कोटी रुपये होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात मंजूर झालेल्या नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला 2,481 कोटी. जो युरिया घेत नाही, त्याच्या वाट्याला या प्रचंड रकमेतला छदामही येत नाही.

कोणी म्हणेल, जुनी शेती तरी कुठे निर्मळ? राबासाठी डहाळ्या तोडतात, जाळतात. खरे आहे, आम्ही ते झाकीत नाही. मग राबाऐवजी दुसरी सोय शिकवण्यासाठीच त्या शेतकऱ्याला पैसा द्यावा. तोडलेल्या फांदीचा ठपका आणि न टाकलेल्या विषाचे मात्र शून्य गुण, हा कुठला न्याय?

मार्ग सरकारलाच ठाऊक आहे. 2021 साली कार निकोबार व नानकौरी बेटांवरील 14,491 हेक्टर जमिनीला एकत्रित सेंद्रिय प्रमाणपत्र मिळाले. तेथे रसायने पूर्वीपासूनच नव्हती, म्हणून रूपांतराची वर्षे मोजत बसावे लागले नाही. कोयनेच्या वरच्या वाड्यांनाही हीच पद्धत लावावी. ग्रामसभेच्या ठरावावरून पाहणी करावी, आणि जी जमीन स्वच्छ ठरेल तिला हेक्टरी तेवढीच रक्कम द्यावी, जेवढी परत वळणाऱ्याला मिळते.