शाळेच्या पटावरील एक ओळ



उन्हाळ्याचा दाह ओसरून धानाच्या बांध्यांत पाणी साचू लागले की आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शाळा पुन्हा गजबजू लागतात. राज्याच्या इतर भागांत शाळा जूनच्या मध्यास उघडतात. विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे त्या जूनच्या उत्तरार्धात सुरू होतात. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीपासून आरमोरी, चामोर्शी, अहेरी आणि थेट सिरोंचापर्यंत ज्या ज्या घरातील बालक या वर्षी प्रथमच शाळेची पायरी चढणार आहे, त्या प्रत्येक घराचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. ज्यांची मुले दुसरीत, तिसरीत वा चौथीत गेली, त्यांचेही अभिनंदन करतो. कारण मुलास शाळेत घालण्यापेक्षा त्यास शाळेत टिकवून ठेवणे हे अधिक कष्टाचे काम आहे.

या शुभप्रसंगी एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. पहिल्या दिवशी गुरुजी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आपल्या मुलाच्या नावाची एक ओळ लिहितात. नाव, जन्मतारीख, धर्म, जात व पालकाचे नाव एवढाच तो मजकूर असतो. परंतु पुढे आयुष्यभर ही ओळ त्या मुलाच्या सोबत चालते. ती कोणत्या संघर्षातून आपल्या वाट्यास आली व ती कशी लिहून घ्यावी, हे प्रत्येक पालकास ठाऊक असले पाहिजे.

१८५६ साली तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो त्यास नाकारण्यात आला. त्याने सरकारकडे अर्ज केला. न्याय या मुलाच्या बाजूस आहे, हे सरकारने मान्य केले. मात्र इतर मुले शाळा सोडून जातील या भीतीने त्यास प्रवेश देण्याचे टाळले. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, सातारा येथील शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. ज्या विद्यार्थ्यास शाळेत इतरांपासून दूर बसावे लागले, त्याच्याच अध्यक्षतेखालील समितीने पुढे या देशाच्या संविधानाचा मसुदा सिद्ध केला. ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, तो याच नोंदीमुळे. धारवाडच्या त्या अर्जानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्याच महापुरुषाने आपल्या चंद्रपूर नगरीत सहस्रावधी लोकांस धम्मदीक्षा दिली. या भूमीतील कुटुंबांस शाळेच्या रजिस्टराचे मोल निराळे सांगावे लागू नये.

आता कायद्याची स्थिती पाहू. संविधानाच्या मूळ पंचेचाळिसाव्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांस दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे राज्यसंस्थेस सांगितले होते. ती मुदत १९६० साली उलटून गेली. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने २१-अ हा अनुच्छेद आला, २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास प्राथमिक शिक्षण मोफत मिळणे हा आता त्याचा मूलभूत हक्क आहे. म्हणून शाळेच्या दारात हात जोडून विनवणी करीत उभे राहण्याचे काहीएक कारण नाही.

जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही; दवाखान्यातील वा अंगणवाडीतील नोंद, किंवा आईवडिलांचे प्रतिज्ञापन पुरते. वर्ष सुरू होऊन काही आठवडे गेले म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या गावच्या शाळेचा दाखला हाती आला नाही म्हणूनही मुलास ताटकळत ठेवता येत नाही. मध्येच शाळा सुटलेल्या मुलास त्याच्या वयास योग्य अशा वर्गात बसविणे व मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष शिक्षण देणे, हे शाळेवर बंधनकारक आहे.

यानंतर ज्या प्रश्नाने आपल्या समाजातील पालक सर्वाधिक गोंधळतात, त्या प्रश्नाकडे वळू. रजिस्टरातील धर्म व जात या दोन रकान्यांत काय लिहावे? वकिलीच्या व्यवसायात असे अनेक पालक आम्हांस भेटतात की, ‘बौद्ध’ असे लिहिल्यास मुलाची शिष्यवृत्ती जाईल, या भीतीने ते धर्माच्या रकान्यात जुनाच धर्म लिहून येतात. एके काळी या भीतीस आधार होता. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने ही ओळख प्रथम हिंदूंपुरती ठेवली, १९५६ साली तीत शिखांचा समावेश झाला. बौद्ध मात्र बाहेर राहिले. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यावर १९६० साली राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांस दिल्या. केंद्राच्या सवलतींचे दार मात्र १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करीपर्यंत बंदच होते. त्या दुरुस्तीनंतर, ज्याची मूळ जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, त्याने बौद्ध धम्म स्वीकारल्यामुळे त्याचा हक्क जात नाही. सबब धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असेच निःशंक मनाने लिहावे. जी भीती कायद्याने संपविली, ती आपण मुलांच्या माथी मारू नये.

जातीच्या रकान्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जी जात आपण मनातून टाकून दिली, तिचे नाव पुन्हा का लिहावे, असा सवाल अनेक स्वाभिमानी पालक करतात, व काही जण तेथेही ‘बौद्ध’ असे लिहितात किंवा तो रकाना कोरा ठेवतात. त्यांच्या भावनेविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु अनुसूचित जातींची यादी ही जातींच्या नावांची यादी आहे, त्यात धर्माचे नाव नाही. जातीचे प्रमाणपत्र देताना व पुढे त्याची पडताळणी करताना शाळेची नोंद हा एक प्रमुख पुरावा मानला जातो. रकाना कोरा राहिला, तर बारावीनंतर प्रवेशाच्या ऐन धावपळीत हेच मूल समितीच्या कचेरीत खेटे घालू लागते, आणि शाळा सोडल्यावर नोंद दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे ठरते. म्हणून आमचा सल्ला असा की, वडिलांच्या वा आजोबांच्या कागदपत्रांत ज्या अनुसूचित जातीची नोंद आहे, तीच नोंद त्या रकान्यात करावी. झालेल्या अन्यायाची भरपाई मागताना त्या अन्यायाचे नाव सांगावेच लागते. त्यामुळे आपण त्या जातीचे मिंधे होत नाही.

याच कामासाठी घरातील जुनी कागदपत्रे जपून ठेवावीत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची धरली जाते. त्या काळी आपले कुटुंब कोठे वास्तव्यास होते, याचा पुरावा विचारला जातो. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील नोंदीची नक्कल, जमिनीचा जुना उतारा यांपैकी जे असेल ते पावसापाण्यापासून सुरक्षित ठेवावे. पहिल्याच आठवड्यात शाळेत जाऊन आपल्या मुलाची ओळ स्वतः वाचावी. वाचता येत नसेल, तर वाचता येणाऱ्यास सोबत न्यावे. नावातील एखादी वेलांटी चुकली असेल, तरी ती तेव्हाच दुरुस्त करून घ्यावी.

एवढ्याने पालकाचे काम संपत नाही. आपल्या भागात शाळा उघडते आणि त्याच सुमारास रोवणी सुरू होते. आई बांधीत पऱ्हे लावीत असते व आठ वर्षांची मुलगी घरी धाकट्या भावंडास सांभाळीत असते. उन्हाळ्याच्या तोंडी अनेक कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात, त्या वेळी पुस्तके घरी राहतात आणि मूल गावाबाहेर जाते. पोटाची निकड आम्ही जाणतो. ज्याच्या घरी दोन वेळची चूल मजुरीवर पेटते, त्यास उपदेश करणे सोपे असते. तथापि धाकट्या भावंडासाठी अंगणवाडी आहे. शेजारच्या चार घरांनी मिळून एका वृद्ध बाईकडे लहान मुले ठेवता येतात. कामासाठी बाहेर जाताना मुलास आजीकडे ठेवता येते, अथवा तेथील शाळेत बसविता येते. मुलास शाळेत दाखल करणे हे कायद्याने पालकाचे कर्तव्य आहे, व शिक्षणाची संधी देणे हे संविधानाच्या ५१-क या अनुच्छेदानेही त्याचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. मुलीच्या बाबतीत हे कर्तव्य तसूभरही कमी होत नाही.

शाळेत आपले मूल कोठे बसते, कोणासोबत जेवते, याचीही विचारपूस करावी. दुपारच्या आहाराच्या पंगतीत त्यास वेगळे बसविले जात असेल, पाण्याच्या भांड्यास हात लावू दिला जात नसेल, तर ती क्षुल्लक बाब समजून गप्प राहू नये. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे व तिचे आचरण हा गुन्हा आहे. मुलास मारणे वा त्याचा मानसिक छळ करणे यास शिक्षणहक्काच्या कायद्याने बंदी केली आहे. पूर्णतः शासकीय खर्चाने चालणाऱ्या शाळेत कोणत्याही धर्माचे धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतही पालकाच्या संमतीवाचून मुलास त्यात सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. आपल्या मुलास जे संरक्षण आहे, तेच शेजारच्या गोंड, माडिया वा अन्य कोणत्याही समाजाच्या मुलास आहे, हेही विसरू नये.

अखेरची सूचना शाळा व्यवस्थापन समितीविषयी. जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांत या समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांस प्रमाणानुसार स्थान द्यावे लागते. परंतु सभेस जो जातो, त्याचेच नाव समितीत येते. वर्षारंभीच्या पालकसभेस विशेषतः मातांनी अवश्य जावे. शिक्षक पुरेसे आहेत काय, छत गळते काय, स्वच्छतागृहास पाणी आहे काय, हे प्रश्न तेथेच विचारावयाचे असतात. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. ज्या पायवाटेवर वाघाची भीती आहे वा पावसाळ्यात नाल्यास पूर येतो, तेथे या नियमाचे मोल किती, हे आपल्याइतके कोणास कळणार? २०२३ साली शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आणला, तेव्हा राज्यात अशा शाळांची संख्या चौदा हजारांहून अधिक होती. जंगलातील लहान गावची शाळा हलली, तर सर्वांत आधी मुली घरी बसतील. गावच्या शाळेच्या पटावरील प्रत्येक नाव त्या शाळेच्या रक्षणास उपयोगी पडते.

तेव्हा या आठवड्यात तीन कामे करावीत: मुलाचे नाव घालावे, त्याची ओळ वाचून पाहावी व पालकसभेची तारीख विचारून यावी. नव्या दप्तरासह शाळेत निघालेल्या आपल्या सर्व चिमुकल्यांस आमच्या शुभेच्छा.

जय भीम.