कुकर लावा, बैठका मारा!

गोंदियाहून रोज नागपूरला अपडाउन करणाऱ्याला 'सकाळी तासभर जिमला जात जा' असं सांगणं म्हणजे निव्वळ थट्टा! जायचे सव्वाशेच्या वर किलोमीटर, यायचे तेवढेच आणि मधे आठ तास खुर्ची. गावातच बँकेत बसणाऱ्यांचीही कहाणी वेगळी नाही. जानेवारीत वर्षाची फी भरायची, फेब्रुवारीत एका लग्नापायी चार दिवस बुडवायचे आणि मग 'लिंक तुटली यार' म्हणत जिमचा रस्ताच टाळायचा. (लांबच्या रस्त्यानं गेल्यामुळे चालणं होतं, तेवढाच फायदा!)

पण लिंक तुटली म्हणून सगळं संपतं का? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या टीमनं ९६ जणांना रोज ठरलेल्या वेळी एक साधी गोष्ट करायला लावली. म्हणजे जेवताना एक फळ खाणं किंवा रात्रीच्या जेवणाआधी थोडं धावणं. २०१० साली छापलेल्या या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, असा हिशेब निघाला. कुणाला १८, तर कुणाला तब्बल २५४. आणि मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. तेव्हा '२१ दिवसांत सवय'वाल्या पोस्टरला रामराम!

खरी गंमत आहे ती 'ठरलेल्या वेळी' या शब्दांत. घड्याळातले सहा आज हुकतात, उद्याही हुकतात. पण आपल्या धानाच्या जिल्ह्यात भात शिजला नाही असा दिवस दाखवा! कुकर गॅसवर चढला की पहिल्या शिट्टीपर्यंत बैठका. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसायचं-उठायचं. पुढच्या शिट्टीपर्यंत भिंतीला हात टेकून जोर. रूमवर एकटे राहत असाल तर आणखीच सोपं, बघायला कोण आहे?

'एवढ्यानं काय होणार?' असं म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या सूचनांमध्ये सलग दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली. तुकड्यातुकड्यांनी केलेलंही मोजलं जातं. मात्र आठवड्याला किमान १५० मिनिटांचं टार्गेट कायम आहे, त्यामुळे स्टेशनपर्यंत गाडी न काढता पायी जाणं आलंच.

आता मे महिना. पारा पंचेचाळीसकडे निघालेला, त्यात स्वयंपाकघर म्हणजे भट्टी. तिथे बैठका नकोतच. या दिवसांत गच्चीवर झोपत असाल तर अंथरूण गुंडाळलं की त्याच जागी सूर्यनमस्कार घाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर ज्याचा प्रचार केला, त्या या व्यायामाला सतरंजीएवढी जागा पुरते. सुरुवातीला चारच घाला, ऊन चढायच्या आत. मग पोटभर पाणी प्या आणि खाली उतरा, गाडीची वेळ होत आली असेल.